शेवऱ्याच्या छपराला आहेर

भरीत मी तिसऱ्यांदा मागून घेतलं, हे आधीच सांगून टाकतो. ज्या जेवणाच्या निमित्तानं एका गावाच्या वाचनालयावर छप्पर चढायचं होतं, त्या जेवणात पुण्याहून आलेल्या पाहुण्यानं तीनदा ताट पुढे करावं, हे बरोबर नाही. परत आल्यापासून ते मला टोचतं आहे. पण अडवणार कोण? खानदेशात वाढणाऱ्याला ‘पुरे’ हा शब्द ऐकूच येत नाही.

मी एक चित्रपट केला आहे. एकच. त्याचं नाव ‘निवडण’. माझी इंदूआत्या सोप्यावर बसून तांदूळ निवडते, अधूनमधून माणसं येतात, दोन शब्द बोलतात आणि जातात, असा तो चित्रपट आहे. शेवटाकडे अकरा मिनिटांचा एक प्रसंग आहे. त्यात कुणीच बोलत नाही. आत्या निवडत राहते. तिला एक खडा सापडतो, तो ती उजेडाकडे धरून पाहते आणि फेकून देते. हा प्रसंग कापा, असं मला आजवर प्रत्येकानं सांगितलं. त्यात माझी बायको आली, संकलक आला, आणि एका महोत्सवातला दारावरचा माणूसही आला. मी कापला नाही. त्यामुळे जिथे जिथे चित्रपट दाखवला तिथे त्या अकरा मिनिटांत लोक उठून गेले. आत्या दर खेळानंतर फोन करते आणि विचारते, “माझं निवडून होईपर्यंत होती का रे माणसं?” मी “होती” म्हणतो. म्हाताऱ्या माणसाशी खोटं बोलतो आणि मग दोन दिवस मला जेवण जात नाही.

म्हणून शेवऱ्याहून सुमनअक्कांचा फोन आला, “भाऊ, तुमचा चित्रपट आमच्या गावाला दाखवायचाय,” तेव्हा मी पूर्ण ऐकून न घेताच हो म्हटलं. एकदा, फक्त एकदा, भरलेल्या जागेत, शांततेत, आत्याचं निवडणं शेवटपर्यंत कुणीतरी पाहावं, एवढीच माझी इच्छा होती. छपराचं अक्का काहीतरी बोलल्या होत्या. ते मी नीट ऐकलंही नव्हतं.

शेवरे

भडगावपासून गिरणेच्या कडेकडेनं जावं की केळीचे मळे लागतात, मग वेचून झालेली कपाशी, आणि मग शेवरे. थंडी चांगली होती. माझ्यासोबत तन्वी होती. ती नागपूरची, पंचविशीतली. एकाच स्कूटीवर हक्क सांगणाऱ्या दोन बहिणींवर तिनं लघुपट केला आहे. तिची पात्रं सबंध वेळ एकमेकींवर ओरडत असतात. मला तो लघुपट फार आवडतो, आणि आवडतो म्हणून थोडा रागही येतो.

सुमनअक्का शाळेतून निवृत्त झालेल्या. ओसरीवर बुद्ध आणि बाबासाहेबांच्या तसबिरी, खाली पुस्तकांच्या गोण्या. पुस्तकं गोण्यांत का, असं विचारल्यावर त्या चहा अर्धा टाकून उठल्या आणि आम्हाला हॉल दाखवायला घेऊन गेल्या.

हॉल उत्तम होता. चार भिंती, गिलावा, खिडक्यांना गज, दारावर ‘सार्वजनिक वाचनालय व अभ्यासिका’ अशी पाटी. वर मात्र आभाळ. एका कोपऱ्यात ताडपत्री ताणली होती आणि तिच्याखाली सात-आठ मुली पोलीस भरतीचा अभ्यास करत बसल्या होत्या.

“अक्का, छप्पर?” मी विचारलं.

“त्याच्यासाठीच तर बोलावलंय तुम्हाला,” अक्का म्हणाल्या. “भिंती झाल्या आणि निधी संपला. आता ग्रामपंचायतीत ठरलंय, होळीपर्यंत पत्रे चढले तर अभ्यासिका, नाही तर हॉल कांदे साठवायला द्यायचा. इथे उन्हाळ्यात ताडपत्रीखाली बसून दाखवा तुम्ही. पोरींना मी शब्द दिलाय, भाऊ.”

एक मुलगी वर न बघता म्हणाली, “कांद्याले तरी छप्पर भेटी.” बाकीच्या हसल्या. मी हसू की नको, या विचारात राहिलो.

बेत असा होता. संध्याकाळी हॉलच्या पांढऱ्या भिंतीवर आमचे चित्रपट. बाहेर गावाच्या वतीनं भरीत आणि कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाची, भाकरी. निमंत्रण चूलबंद, म्हणजे त्या संध्याकाळी कुणाच्याही घरी चूल पेटवायची नाही, लहानथोर सगळ्यांनी यायचं. आणि ज्याला जे जमेल त्यानं छपराला आहेर करायचा: कुणी पत्रा, कुणी लोखंडी अँगल, कुणी नटबोल्ट. आमच्याकडे पुण्यात निमंत्रणावर ‘वेळेवर यावे’ असं छापतात, तरी कोण येईल याचा भरवसा नसतो. चूलबंद निमंत्रणात वेळ सांगावी लागत नाही. भूक लागली की माणसं येतात.

मग मी माझी विनंती सांगितली. आता ती आठवली की कान गरम होतात. “अक्का, माझा चित्रपट शांततेचा आहे. चित्रपट चालू असताना कुणीही, अगदी कुणीही बोलू नये.”

अक्कांनी लगेच बापूला बोलावलं. बापू म्हणजे पंचक्रोशीतल्या लग्नांत माइकवर आहेर पुकारणारा माणूस. छपराचे आहेरही तोच पुकारणार होता. पन्नाशीचा, उंच, आणि आवाज असा की साधं ‘पाणी द्या’ म्हटलं तरी शेजारच्या गल्लीतून कुणीतरी तांब्या घेऊन यावं. अक्कांनी त्याला समजावलं. त्यानं माझा हात दोन्ही हातांत घेतला.

“काळजीज करू नका साहेब. पिच्चर चालू शे तवय माइक बंद. मना शब्द शे.”

भिंतीवर आत्या

दिवस मावळला तसं गाव आलं. पुढे सतरंज्यांवर बाया आणि पोरं, मागे पुरुष, सगळ्यात मागे भिंतीला टेकून गावाचे जावई. बाहेर कपाशीच्या वाळक्या काड्यांच्या जाळावर पांढरट हिरवी वांगी टाकली होती. तो धुराचा वास वरून, जिथे छप्पर हवं होतं तिथून, आत उतरत होता.

तन्वीचा लघुपट आधी झाला. लोक पोट धरून हसले. बापू माइक हातात घेऊन उभाच होता, पण बहिणींनी त्याला फटच दिली नाही.

मग ‘निवडण’. पहिली पाच मिनिटं मी श्वास रोखून होतो. दूधवाला येतो, आत्याशी दुधाच्या भावावरून वाद घालतो आणि जातो. आत्या गप्प होते आणि रस्त्याकडे पाहत राहते. हॉलमध्ये पूर्ण शांतता पसरली. मला भरून आलं.

“हॅलो. हॅलो.” माइकमध्ये कुणीतरी फुंकर मारली. “उपस्थित मंडळींनी लक्ष द्यावं. तांत्रिक अडचणीमुळे चित्रपट थांबलेला आहे. तो सुरू होईपर्यंत आपण आहेर घेऊ या. खालच्या गल्लीतील शालिकनाना यांच्याकडून छपरासाठी एक पत्रा, सप्रेम भे—”

भिंतीवर आत्या शेजारणीला म्हणाली, “काय गं, दळण आणलंस?” त्याबरोबर बापूनं शब्द अर्धा तोडून माइक बंद केला आणि हाताची घडी घालून सावधान उभा राहिला.

मी बसलेल्या बायांमधून उड्या मारत त्याच्याकडे गेलो. एका पोराच्या बोटावर माझा पाय पडला. त्याची मी नंतर माफी मागितली. “बापू, चित्रपट थांबलेला नाही! चालू आहे!”

“कोठे चालू व्हता? ती बाई नुसती बसेल व्हती.”

“ती बसते. तेच चाललंय.”

बापूनं भिंतीकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. घरात काही वाईट घडलेल्या माणसाकडे पाहावं तसं पाहिलं. “बरं साहेब,” तो हळू म्हणाला. “पन मंग पिच्चर बंद शे का चालू, हाई मी कसं वळखू?”

 

तोवर अक्का धावत आल्या. “भाऊ, चुकलं. मी तुम्हाला शब्द दिला होता. थांबा, माइकची वायरच काढते.” त्यांनी वायरला हात घातला आणि नेमकं तेव्हाच मागून कुणीतरी ओरडलं, “ए बापू! खालली गल्लीना एक पत्रा व्हयना का? मंग वरली गल्लीना दोन लाव!”

अक्कांचा हात वायरवरच राहिला. त्या माझ्याकडे पाहू लागल्या.  

त्या क्षणी माझ्या मनात आलं ते लिहायला लाज वाटते. मनात आलं, काढा वायर. छप्पर उद्या मागता येईल. भरलेल्या जागेत आत्या मला पुन्हा कधी दाखवता येणार? मग माझी नजर ताडपत्रीकडे गेली. कोपऱ्यात ती गुंडाळून ठेवली होती आणि अभ्यासाच्या मुली तिच्यावर ओळीनं बसल्या होत्या. “राहू द्या अक्का,” मी म्हणालो. यात मोठेपणा काही नाही. मुली माझ्याकडे बघत नसत्या तर मी काय म्हटलं असतं, देव जाणे.

मग नियम ठरला. आत्या बोलली की बापू गप्प, आत्या गप्प की बापू चालू. गावाला तो लगेच कळला, आणि माझ्या चित्रपटाचं काहीतरी निराळंच झालं. आहेर पुकारला जावा असं ज्याला वाटे, त्याला आत्या गप्प असतानाच हात वर करावा लागे. आणि ती पुन्हा कधी बोलेल हे कळायला तिच्या तोंडाकडे टक लावून पाहावं लागे. सगळं गाव आत्याच्या ओठांकडे बघू लागलं.

अकरा मिनिटांचा प्रसंग आला. आत्यानं सूप पुढे ओढलं. एक मिनिट गेलं, ती बोलली नाही. बापूला लग्नाच्या दाट तिथीत असल्यासारखा जोर चढला. एरवी तो आमच्याशी अहिराणीत बोले, पण माइक हातात आला की त्याची भाषा इस्त्री करून बाहेर पडायची. “वरच्या गल्लीतील दगडूआबा यांच्याकडून दोन पत्रे! जामनेर येथील व्याही मंडळींकडून चार अँगल! आणि गावचे जावई, दीपनगर येथील विजयराव... विजयराव आले आहेत का?”

मागे भिंतीपाशी एक माणूस खाली बसायला लागला होता.

“जावईबापू, उभे व्हा!” सतरंजीवरून त्याची सासूच ओरडली. “विजेना कारखानामा शेतस, एक पत्रा जड जाई का?”

“दोन लिवा,” विजयराव मान खाली घालून म्हणाले. हॉल दणाणला.

पुढच्या रांगेतल्या एका म्हातारीचं मात्र या सगळ्यात लक्ष नव्हतं. ती आत्याबरोबर मनातल्या मनात तांदूळ निवडत होती. तिची बोटं पदरावर हलत होती. मग आत्याला खडा सापडला. तिनं तो उजेडाकडे धरला.

आता ती बोलणार, म्हणून मागून कुणीतरी ओरडलं, “आते बोली! बापू, लवकर पुकार!”

बापूनं तोंड उघडलं आणि मिटलं. आत्या खड्याकडे पाहत राहिली. बाहेर वांगी ठेचणाऱ्यांनी लाकडी मुसळ थांबवलं आणि ते दारात येऊन उभे राहिले. आत्यानं खडा फेकला. सबंध गावानं एकदम श्वास सोडला.

एकही माणूस उठला नव्हता. चूलबंद निमंत्रण होतं आणि जेवण चित्रपटानंतर होतं, हे मला माहीत आहे. तरी माझे डोळे भरून आले. धूरही होताच.

चित्रपट संपला तेव्हा छपराला लागणाऱ्या पत्र्यांची शेवटची ओळ बाकी होती. लोक चुळबुळले. मग सासूबाईच म्हणाल्या, “त्या बाईले आखो एकडाव लावा!” सगळीकडून तेच सुरू झालं. ज्या प्रसंगासाठी मी आजवर शिव्या खाल्ल्या, तो प्रसंग लोकाग्रहास्तव पुन्हा दाखवला गेला. आग्रह पत्र्यांसाठी होता, माझ्यासाठी नव्हता. पण त्या वेळी माझी छाती फुगली होती, हे कबूल करतो.

दुसऱ्या वेळी एक सोडून सगळे पत्रे झाले. एकच राहिला. आणि तो कुणी पुकारेना. प्रत्येक घराचा आहेर झाला होता. पुन्हा दिला तर शेजाऱ्याला कमीपणा आणल्यासारखं झालं असतं. मी हात वर केला. अक्कांनी तो धरून खाली केला.

“भाऊ, तुम्ही पाहुणे. आमच्या मांडवात सोयऱ्यांकडून आहेर घेतात, कामाला बोलावलेल्या पाहुण्याकडून नाही. वाईट दिसतं.”

“पण एकच तर—”

“जेवायला चला.”

मग ते भरीत. हिरव्या मिरचीचा ठेचा, कांद्याची पात, दाणे, वर कच्चं तेल. भाकरी काळसर, जाड, हातावर घेऊन खायची. तन्वी माझ्या शेजारी होती. “सर, माझ्या फिल्मला एक बोल्टसुद्धा पडला नाही,” ती म्हणाली.

“तुझी पात्रं श्वास घेत नाहीत गं,” मी म्हणालो आणि ताट पुढे केलं. तिसऱ्यांदा. छपराला एक पत्रा कमी, मी बिनआहेराचा, आणि मी जेवत होतो.

धुळे

दुसऱ्या दिवशी धुळ्याच्या एका चित्रपट मंडळात ‘निवडण’ होता. तन्वी जळगावकडे गेली. मला सोडायला बापू निघाला, त्याच्या मांडववाल्या गाडीतून, जिच्या टपावर दोन भोंगे होते. वाटेत प्रत्येक गावात लोक आम्हाला थांबवून विचारत, “वऱ्हाड कोनं शे?” बापू माझ्याकडे बोट दाखवी. एके ठिकाणी एका आजीनं माझ्या कपाळाकडे निरखून पाहिलं आणि बापूला म्हणाली, “नवरदेवनं वय व्हई गयं.”

पारोळ्याच्या पुढे आम्ही शेवभाजी खायला थांबलो. तिखट चालेल का, असं वाढणाऱ्यानं विचारलं. मी “हो तर” म्हणालो. त्यानंतर धुळ्यापर्यंत मला बोलता आलं नाही. बापू म्हणाला, “आते साहेबना पिच्चर चालू शे.”

धुळ्याचं सभागृह वातानुकूलित. खुर्च्या मऊ. प्रेक्षक मोजके पण जाणकार. कुणी मोबाइल काढला नाही, कुणी खोकलं नाही. मला जे हवं होतं ते सगळं तिथे होतं. अकरा मिनिटांचा प्रसंग आला. एकही माणूस उठला नाही.

आणि मला करमेना. ती शांतता मला रिकामी वाटू लागली. वरच्या गल्लीचा पत्रा ऐकू येईल म्हणून मी कान देऊन बसलो होतो. शेजारी बापू खुर्चीत अवघडून बसला होता, हात मांडीखाली दाबून.

“साहेब,” तो कुजबुजला, म्हणजे त्याच्या मते कुजबुजला. पुढच्या तीन रांगा वळल्या. “काईज पुकारानं नही का?”

“नाही बापू.” पण मला राहवेना. “बापू, मला काल एक पत्रा द्यायचा होता. अक्कांनी घेतला नाही.”

“तठे तुम्ही पाहुणा व्हतात.” त्यानं सभागृहावर एक नजर फिरवली. “आठे पिच्चर तुम्हना, मांडव तुम्हना. आठे कोन नही म्हनी?”

“म्हणजे चालेल?”

“कोना नाववर?”

“इंदूआत्याच्या.”

“ती कोन?”

मी पडद्याकडे बोट केलं.

मला वाटलं, तो गावी जाऊन सांगेल. पण पुकारल्याशिवाय आहेर होत नाही, एवढी साधी गोष्ट एका रात्रीत मी विसरलो होतो. बापू उभा राहिला, सदरा खाली ओढला. माइकची त्याला गरज नव्हतीच.

“सभागृहातील मान्यवरांनी लक्ष द्यावं! शेवरे येथील वाचनालयाच्या छपराला, समोर पडद्यावर बसलेल्या, पुणे येथील इंदूआत्या यांच्याकडून, शेवटचा पत्रा सप्रेम भेट!”

सगळी डोकी आमच्याकडे वळली. मी खुर्चीत जितका बुडता येईल तितका बुडालो. मग डोकी एकेक करून पडद्याकडे वळली. आत्यानं खडा उजेडाकडे धरला होता. तिनं तो नीट पाहिला, अजिबात घाई केली नाही, आणि फेकून दिला. कुणीतरी टाळी वाजवली. मग सगळ्यांनीच.

रात्री मुक्कामी पोचायच्या आत तिचा फोन आला.

“होती का रे माणसं?”

“होती आत्या. दोन्ही गावी. शेवटपर्यंत. शेवऱ्याला तर तुझं निवडणं पुन्हा लावायला लावलं.”

“पुन्हा? त्यांना कामं नाहीत का?”

मग मी तिला छपराचं सांगितलं, मुलींचं, बापूचं, आणि हेही सांगितलं की तू एक पत्रा दिला आहेस. पलीकडे बराच वेळ काही ऐकू आलं नाही. बापू शेजारी बसून गाडी चालवत होता; सवयीनं त्यानं घसा साफ केला. मी त्याला हातानं थांबवलं.

“नीट बसवायला सांग त्यांना,” आत्या म्हणाली. “गळायला नको.”